मद्रासची घटना, हरणीची सभा

वासी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, घरसभा भरवायची ही अक्कल मुळात हेरंबरावांचीच, आणि दर वर्षी तिचा पश्चात्ताप करायचा मानही त्यांचाच. आदल्या दिवशी गच्चीवर पतंग बघून सगळ्यांच्या माना आखडलेल्या, बोटं मांज्याने चिरलेली, पोटात उंधियू आणि जिलबी ठासून भरलेली. बाहेर बडोद्यातल्या हरणीच्या एकूणएक गच्चीवर गाणी लागलेली आणि "काप्यो छे!"च्या आरोळ्या चाललेल्या. अशा मुहूर्तावर पोतनिसांच्या दिवाणखान्यात मात्र खिडक्या लावून, मोबाइल एका टोपलीत गोळा करून सहा माणसं गोल बसायची. शेजारच्या विमलबेन आल्यागेल्याला सांगायच्या, "आजे नही जता, पोतनीसकाकानी पार्लामेंट चालू छे."

यंदा ठराव एकच होता आणि तो सगळ्यांना तोंडपाठ होता. हेरंबरावांच्या नातीने, सानवीने, डॉक्टरकी शिकायला आर्मेनियातल्या येरेवानला जावं की जाऊ नये.

सकाळी आंघोळ आटोपून हेरंबराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले ते खरं तर मतांचा अंदाज घ्यायला. पद्माताई तिळाचे उरलेले लाडू डब्यात भरत होत्या. शेजारच्या खुर्चीवर त्यांचं विणकाम पडलं होतं. गर्द निळ्या लोकरीचा, जाडजूड, लांब बाह्यांचा स्वेटर. बडोद्यात असला स्वेटर घालायची वेळ कुणावर आली नव्हती आणि यायची शक्यताही नव्हती.

"गळा झाला वाटतं," हेरंबराव म्हणाले.

"झाला. बाही उरलीये एक."

"म्हणजे तू धरूनच चाललीयेस."

"थंडी कुणाला विचारून पडते का? गेली तर लागेल, नाही गेली तर कपाटात राहील."

"आणि तुझं मत?"

पद्माताईंनी डब्याचं झाकण दाबून लावलं. "अहो, गुप्त मतदान आहे ना? कलम तुमचंच."

हेरंबराव दिवाणखान्यात परतले. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईने त्यांना त्यांच्याच कलमांनी किती वेळा गप्प केलं होतं, याची मोजदाद त्यांनी सोडून दिली होती.

या कलमांची कथा घरातल्या प्रत्येकाला इतक्यांदा ऐकावी लागली होती, की मुलगा सलील लहानपणी आर्मेनियन म्हणजे आपले मद्रासकडचे कुणी नातेवाईकच समजायचा. हेरंबराव तरुण अधिव्याख्याता असताना एकदा कामासाठी सुरतेला गेले आणि कतारगामच्या रस्त्यावरच्या जुन्या दफनभूमीत शिरले. तिथल्या थडग्यांवर त्यांना एक अनोळखी लिपी दिसली. नुसत्या बाकदार आकड्यांची, वळणांची, देखणी. कुणाची म्हणून चौकशी केली तर कळलं, आर्मेनियन व्यापाऱ्यांची. त्या चौकशीतून ते जे निघाले ते मद्रासला पोचले आणि पुढे चाळीस वर्षं तिथून हललेच नाहीत. अठराव्या शतकातल्या मद्रासमध्ये मोत्या-रत्नांचा आणि कापडाचा व्यापार करणाऱ्या मूठभर आर्मेनियनांनी छापखाना घातला होता. त्यांचा देश तेव्हा नकाशावर नव्हता, दोन साम्राज्यांनी वाटून घेतला होता. पण या लोकांनी युरोपातले नवे विचार वाचले, आपण का बुडलो याचा हिशेब मांडला, आणि परक्या किनाऱ्यावर बसून आपल्या नसलेल्या देशाची घटना लिहून काढली. पाचशेवर कलमं! त्यात राजा नाही. लोकांनी निवडलेली सभा, त्या सभेने ठराविक मुदतीपुरता नेमलेला प्रमुख, आणि तोसुद्धा कायद्याच्या खाली. मुलांबरोबर मुलींनाही शाळा. त्यांच्या धर्मगुरूंना या मंडळींच्या लिखाणाचा असा राग आला, की एक पुस्तिका तर जाळायचा हुकूम निघाला.

"विचार कर," हेरंबराव वर्गात सांगायचे तसे जेवतानाही सांगायचे, "देश नाही, सैन्य नाही, एक इंच जमीन नाही. आणि पहिलं काय केलं? घटना!"

"आधी भात वाढून घ्या," पद्माताई म्हणायच्या.

घरात घटना आली ती मात्र पुस्तकी हौसेने नव्हे. त्याआधी हे घर नागरवाड्यात होतं आणि त्यात अण्णांचं राज्य होतं. अण्णा म्हणजे हेरंबरावांचे वडील, बाळकृष्णपंत, संस्थानच्या जमान्यात नोकरीला लागलेले आणि तो रुबाब मरेपर्यंत अंगावर वागवलेले. हेरंबरावांच्या धाकट्या बहिणीला, निरुपमाला, दिल्लीला संख्याशास्त्र शिकायला प्रवेश मिळाला होता. अण्णांनी वर्तमानपत्र खाली न ठेवता "नको" म्हटलं आणि विषय संपला. निरुपमा बडोद्यातच शिकली, बँकेत लागली, चांगली वर चढली, लग्न मात्र तिने केलं नाही. त्याचं कारण ते एक "नको" होतं असं ती कधी म्हणाली नाही आणि नव्हतं असंही म्हणाली नाही. अण्णा गेल्यावर पहिल्याच संक्रांतीला हेरंबरावांनी चार पानं टंकून आणली आणि सगळ्यांसमोर ठेवली. या घरात यापुढे एका माणसाच्या शब्दावर कुणाचं आयुष्य ठरणार नाही. दर तीन वर्षांनी घरप्रमुख निवडायचा. मोठे निर्णय सभेत. अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत.

तेव्हापासून घरप्रमुख हेरंबरावच होते, कारण इतकं बोलायची हौस दुसऱ्या कुणालाच नव्हती.

*

दुपारची जेवणं उरकल्यावर सभा बसली. मध्ये तांब्याचा अरुंद तोंडाचा गडू. होकाराला सुपारी, नकाराला हळकुंड. दोन वाट्या आत देवघरात ठेवलेल्या. एकेकाने आत जायचं, दार लावायचं, हवं ते मुठीत घ्यायचं, बाहेर येऊन गडूत टाकायचं. हळकुंडं पद्माताईंच्या माहेरची, सांगलीची, घरच्या दळलेल्या हळदीच्या डब्यातच ठेवलेली.

सानवी एकोणीस वर्षांची होती आणि गेल्या वर्षी तिने आयुष्यातलं पहिलं मत पाण्याचा फिल्टर बदलावा या ठरावावर दिलं होतं. आज मात्र ती भिंतीलगत वेगळ्या खुर्चीवर बसली होती. कलम सातप्रमाणे ज्याच्याबद्दल ठराव असेल त्याला बोलायची मुभा, पण मत नाही. सलीलने कॉलेजात असताना स्वतःच्या मोटरसायकलच्या ठरावाला स्वतःच हिरिरीने मत दिलं होतं, त्यानंतर घातलेलं ते कलम.

"बोल बाळा," हेरंबराव अध्यक्षांच्या आवाजात म्हणाले.

"आजोबा, तुम्हाला सगळं माहितेय. दोनदा परीक्षा दिली. दोन्ही वेळा थोडक्यात गेलं. तिसऱ्यांदा तीच पुस्तकं घेऊन नाही बसवत मला. येरेवानमध्ये जागा मिळालीये. आपल्या इथली, सुरतेची, राजकोटची कितीतरी मुलं आहेत तिथे. शिवांगी आहे, ती दोन वर्षं झाली राहतेय. मेसमध्ये खिचडी-कढी पण मिळते."

"कढीसाठी कुणी आर्मेनियाला जात नाही," सलील म्हणाला. सलील रिफायनरीत होता आणि घरीही कुठे गळती आहे का तेच शोधत असायचा. "सानू, तिथे लढाई झाली आहे. एकदा नाही, दोनदा. शेजारी बघ कोण आहेत. अजून एक वर्ष दे परीक्षेला. एक वर्षाने काय आभाळ कोसळणार आहे?"

"तुझ्यावर नाही कोसळणार," कौमुदी, सानवीची आई, म्हणाली. ती सहसा नवऱ्याला चारचौघांत तोडून बोलत नसे. पण शाळेत शिकवून शिकवून तिला मुलांचे चेहरे वाचता यायला लागले होते, आणि हा चेहरा तर घरातला. "दोन वर्षं मी बघतेय. ही रात्री पाठ्यपुस्तक उघडं टाकून भिंतीकडे बघत बसते. लढाई सीमेवर होते, सलील. हिची तर इथेच चाललीये."

"मी काय दुश्मन आहे का तिचा?"

"तसं कोण म्हणतंय?"

"शांतता," हेरंबराव म्हणाले आणि समोरचा चमचा पेल्यावर वाजवला. "निरुपमा?"

निरुपमा आपला चष्मा पदराला पुसत होती. "मला बोलायचं नाही. मत द्यायचंय."

"आणि आई?" सलीलने विचारलं.

"मी स्वेटर विणतेय, दिसत नाही का?" पद्माताई म्हणाल्या, आणि सगळे हसले. सुया चालूच राहिल्या.

मग सानवी म्हणाली ते कुणाच्या अपेक्षेत नव्हतं. "आजोबा, तुम्ही काहीच बोलला नाहीत. खरं तर मला वाटलं होतं, सगळ्यात आनंद तुम्हाला होईल. पत्र आलं त्या दिवशी मी पहिल्यांदा तुमच्याच खोलीत धावत आले होते."

हेरंबरावांना तो दिवस आठवला. ती धापा टाकत आली होती आणि मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरून नाचत होती. त्यांनी चष्मा शोधायच्या निमित्ताने तोंड फिरवलं होतं.

"प्रमुख तटस्थ असतो," ते म्हणाले.

"बस ने, आजोबा! तुम्ही तटस्थ? बाबांना तिसऱ्या प्रयत्नाच्या क्लासची माहिती कुणी आणून दिली?" सानवी थांबली नाही. "तुम्हाला फक्त मद्रासचे आर्मेनियन आवडतात. अडीचशे वर्षांपूर्वीचे. ज्यांना आता काही होऊ शकत नाही. आर्मेनियातले आर्मेनियन तुम्हाला नकोच आहेत. त्यांनी देश नव्हता तेव्हा घटना लिहिली, तर तुम्ही चाळीस वर्षं कौतुक केलं. आता देश आहे, लोक तिथे राहतात, बस पकडतात, कॉफी पितात, तर मला म्हणता जाऊ नको."

"मी असं म्हणालेलो नाही."

"हो ना. तेच तर."

बाहेर कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि सगळी सोसायटी ओरडली.

*

मतदान झालं. आधी पद्माताई, मग निरुपमा, कौमुदी, सलील. हेरंबरावांचा हिशेब सकाळीच पक्का झाला होता. स्वेटर म्हणजे सुपारी. कौमुदी सुपारी. निरुपमाचं तर विचारायलाच नको, दिल्ली तिच्या मनातून गेलेली नाही. नकार एकट्या सलीलचा. म्हणजे ठराव मंजूर, आणि आपल्याला तोंड उघडायची गरजच नाही. या विचाराने त्यांना सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याची थोडी लाजही वाटत होती.

त्यांनी गडू ताटात उपडा केला.

दोन सुपाऱ्या. दोन हळकुंडं.

सगळ्यांनी ताटाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. सलीलने आत्याकडे पाहिलं. हेरंबरावांनीही बहिणीकडेच पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय सगळे?" निरुपमा भडकली. "दादा, गुप्त मतदानात तोंडं वाचायची नसतात."

"मी कुठे वाचतोय."

"मग आता?" कौमुदीने विचारलं, जरी उत्तर तिला माहीत होतं. समसमान मतं पडली तर प्रमुखाचं निर्णायक मत. आणि ते गुप्त नाही. उभं राहून, सगळ्यांसमोर, कारण सांगून द्यायचं. इतक्या वर्षांत अशी वेळ आली नव्हती.

हेरंबराव उठले. गुडघ्याने कुरकुर केली. हळकुंड उचलायचं त्यांच्या मनात ठरलेलंच होतं, आणि कारणही तयार होतं. अध्यापकाला कारणाची काय वाण? भाषेची अडचण, पदवीची इथली मान्यता, परत आल्यावरची परीक्षा. सगळं खरं, सगळं तर्कशुद्ध.

"तर माझ्या मते," त्यांनी घसा खाकरला, "या प्रश्नाला तीन बाजू आहेत. पहिली बाजू पदवीच्या मान्यतेची..."

"अहो," पद्माताईंनी सुया थांबवल्या. "मत काय ते द्या. पण कारण खरं सांगा. कलमात कारण सांगावं असं आहे. कुठलंही सांगावं असं नाही."

हेरंबराव बायकोकडे बघत राहिले. तिची नजर स्वेटरवर होती. मग ते हळूच खाली बसले, आणि उभं राहायचं कलम त्यांच्याकडूनच मोडलं गेलं.

"वार्तान तुम्हाला माहितेय," ते म्हणाले.

वार्तान घरात सगळ्यांना माहीत होता. येरेवानच्या एका ग्रंथालयातला हेरंबरावांचा मित्र. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं, पण वीस वर्षं मेल चालू होते. दर दिवाळीला इकडून चिवड्याचा फोटो जायचा, तिकडून जर्दाळूच्या झाडाचा.

"त्याचा भाचा. अरम. वीस वर्षांचा होता. लढाईला गेला आणि आला नाही. मी तुम्हाला सांगितलं नाही. वार्तानने मला एका ओळीत कळवलं, आणि खाली विचारलं होतं, मद्रासच्या त्या छापखान्याबद्दल तुझं टिपण कुठवर आलं? मला उत्तर सुचेना. मी छापखान्याबद्दलच लिहिलं. दोन पानं." त्यांनी चष्मा काढला. "सानू म्हणते ते खरं आहे. मद्रासच्यांना आता काही होऊ शकत नाही. तेसुद्धा अर्धवटच खरं. ज्या व्यापाऱ्याचा तो छापखाना होता ना, त्याचा तरुण मुलगा मद्रास सोडून दूर गेला होता, मलाक्काला. तिथेच वारला. काही अभ्यासक म्हणतात, घटनेचं पुस्तक प्रत्यक्ष छापून निघालं ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. पण मुखपृष्ठावर साल घातलं ते मुलगा जिवंत असतानाचं. यावर वाद आहेत. मी स्वतः दोन निबंध लिहिलेत. तळटीपांसकट. पण त्या सालाकडे मी गेले काही महिने अभ्यासक म्हणून बघूच शकलो नाही. बापाने पोराला परत त्या वर्षात आणून बसवलं, एवढंच दिसतं मला."

सानवी खुर्चीवरून उतरून आजोबांच्या पायाशी सतरंजीवर येऊन बसली होती, ते त्यांना आत्ता कळलं.

"मला भीती वाटते," हेरंबराव म्हणाले. "हे माझं कारण. दुसरं काही नाही."

सलील खिडकीकडे बघायला लागला. त्याचं कारण तरी दुसरं कुठे होतं.

"दादा," निरुपमा म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता. "अण्णांनाही भीतीच वाटत असणार. माझ्या वेळी. ते वर्तमानपत्र त्यांनी खाली ठेवलं नाही ना, ते हात थरथरताना दिसू नयेत म्हणून असेल कदाचित. हे मला आत्ता, या वयात सुचतंय. पण एक सांगू? तेव्हा माझं ठरवणारे अण्णा एकटे होते. आज हिचं ठरवायला आपण पाच जण बसलोय. गडू आहे, सुपाऱ्या आहेत, चमचा वाजवायला आहे. तिच्या खुर्चीतून बघितलं तर फरक काय रे पडला?"

हेरंबरावांनी भिंतीलगतच्या त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

कलम सात त्यांनी मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं. आपल्याच खटल्यात आपण न्यायाधीश नसावं, हे तत्त्व चोख होतं. मोटरसायकलला ते चोख बसलं होतं. पण मद्रासच्या त्या लोकांनी पाचशेवर कलमं लिहिली ती मुळात कशासाठी? ज्यांना कायद्याखाली जगायचं, तो त्यांनीच करावा म्हणून. चाळीस वर्षं हे वाक्य त्यांनी फळ्यावर लिहिलं, परीक्षेत त्यावर प्रश्न काढला, न लिहिणाऱ्यांचे गुण कापले. आणि स्वतःच्या घरात असं कलम घातलं, की जिचं आयुष्य तिलाच सोडून बाकी सगळ्यांना मत.

त्यांना एकदम हसू आलं. ते हसू इतकं खरं होतं, की सानवीने घाबरून वर पाहिलं.

"मी नापास," ते म्हणाले. "साफ नापास! कौमुदी, तुमच्या शाळेत अशाला काय करतात?"

"पुन्हा परीक्षा घेतो, बाबा."

"मग घ्या. मी निर्णायक मत देत नाही. ते मत माझं नाहीच. मी दुरुस्ती मांडतो. ठराव ज्याच्या आयुष्याचा, त्याला मत. मोटरसायकल, फ्रीज, पुस्तकांची कपाटं यांना जुनंच कलम लागू." ते सलीलकडे वळले. "आणि आजच्यापुरता मी प्रमुख नाही. निरुपमा चमचा वाजवेल. मीही साधं मत देईन, आत जाऊन, सगळ्यांसारखं."

"निरुपमाआत्या चमचा वाजवणार?" सानवी म्हणाली. "मग तर काप्यो छे!"

दुरुस्ती हात वर करून मंजूर झाली. सलीलने हात वर केला तो सगळ्यात शेवटी, पण पूर्ण वर केला.

"मी लाडवांचे हात धुऊन येते," पद्माताई उठल्या. आत नळ वाहिल्याचा आवाज आला. बाहेर येताना त्या हात पदराला पुसत होत्या. पांढऱ्या जमिनीच्या साडीचा तो पदर कोरा करकरीत होता, त्या दिवशीच घडी मोडलेला.

*

पुन्हा एकेक जण देवघरात गेलं. सानवी गेली तेव्हा बराच वेळ बाहेर आली नाही. हेरंबरावांना वाटलं, आपण उठून दार वाजवावं. त्यांनी स्वतःला आवरलं. ती आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, मूठ घट्ट मिटलेली होती. पहिल्यांदाच तिला कळलं असावं, की जाणं म्हणजे या माणसांना इथे ठेवून जाणं. मूठ गडूवर क्षणभर थांबली आणि उघडली.

तिच्यामागून पद्माताई गेल्या. मग कौमुदी, सलील, निरुपमा. शेवटी हेरंबराव.

देवघरात समईचा वास होता. दोन वाट्या शेजारी शेजारी. हेरंबरावांनी दोन्हींकडे पाहिलं आणि वार्तानच्या जर्दाळूच्या झाडाचा फोटो आठवला. दर वर्षी तेच झाड, दर वर्षी थोडं मोठं. त्यांनी सुपारी उचलली. हात थरथरत होता. धरायला वर्तमानपत्र नव्हतं, आणि नसल्याचं त्यांना बरं वाटलं.

निरुपमाने चमचा वाजवला आणि गडू उपडा केला.

पाच सुपाऱ्या. एक हळकुंड.

कौमुदीने लेकीला मिठी मारली. सलीलने दोघींभोवती हात घातले आणि त्याचा चेहरा दोघींच्या केसांत लपला. "दर रविवारी फोन," तो म्हणाला, "आणि जेवलीस का विचारलं तर खरं सांगायचं." मग मान वर करून तो म्हणाला, "आणि हे बघा, मी या वेळी सुपारी टाकलीये. उगाच माझ्याकडे बघू नका."

"गुप्त आहे रे!" हेरंबराव सवयीने म्हणाले.

"माझी तर दोन्ही वेळा सुपारीच होती," निरुपमा म्हणाली. "लाव शिक्षा काय लावायची ती."

"माझीही," कौमुदी म्हणाली.

आणि मग सगळ्यांच्या माना एकाच वेळी हेरंबरावांकडे वळल्या. सानवी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. डोळे अजून ओले, पण ओठांवर हसू. "आजोबा! एवढं सगळं बोललात, कलम बदललंत, आणि शेवटी आत जाऊन हळकुंड? आ तो चीटिंग छे!"

हेरंबरावांनी तोंड उघडलं. आणि त्याच वेळी त्यांची नजर पद्माताईंकडे गेली.

त्या स्वेटर हातात घेऊन बसल्या होत्या. सुया हलत नव्हत्या. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, दोन्हींच्या टोकांना ताजा पिवळा रंग होता. त्याचा एक पुसट ठसा पांढऱ्या पदरावर उमटला होता, आणि पदराच्याच टोकाने त्या तो रंग हळूहळू चोळत होत्या. या स्वेटरचा गळा त्यांनी तीनदा उसवून घातला होता हे हेरंबरावांना आठवलं. त्यांना वाटलं होतं, माप चुकतंय.

पहिल्या वेळचं दुसरं हळकुंड कुणाचं, हेही त्यांना आता कळलं. सानवीचं पहिलं अंथरूण, पहिला ताप, पहिली वेणी, सगळं हिच्या हातचं. स्वतःची भीती त्यांनी तरी सभेसमोर मांडली होती. हिने ती विणायला घेतली होती.

"आजोबा, बोला ना! तुमचंच ना ते?"

पद्माताईंनी वर पाहिलं. अख्ख्या संसारात हेरंबरावांनी तिच्या डोळ्यांत विनवणी फार कमी वेळा पाहिली होती.

"आता काय सांगू," ते म्हणाले आणि कान पकडले. "म्हातारा माणूस. भित्रा. हात गेला तिकडे. पण ठराव पास झालाय, तेव्हा माझ्या मताला कोण विचारतो?"

एकच गिल्ला झाला. सानवीने त्यांचा गालगुच्चा घेतला, निरुपमाने पुढच्या वेळी प्रमुखपदासाठी आपण उभ्या राहणार असं जाहीर करून टाकलं, आणि सलीलने खिडक्या उघडल्या. बाहेरची गाणी, आरोळ्या, ऊन, सगळं एकदम आत आलं. टोपलीतून आपापले मोबाइल उचलून मंडळी गच्चीच्या जिन्याकडे पळाली.

हेरंबराव मागे राहिले. ते उठून पद्माताईंच्या शेजारी सोफ्यावर बसले आणि तिचा तो पिवळा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत झाकून घेतला. गच्चीवरून सानवीची हाक आली, "आजी, वर ये ने, फिरकी कोण धरणार?"

"आले गं," पद्माताईंनी हाक दिली, पण हात सोडवून घेतला नाही. मग त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या त्या वार्तानला विचारा. तिथे लोकर जाड मिळते का? ही दुसऱ्या बाहीला काही पुरणार नाही."